दोनशे लिटरचा समुद्र

समुद्राचा तुकडा घरात आणायचा म्हटलं, की त्यातली झाडून सगळी मंडळी विकत घ्यावी लागतात. मासे विकत, प्रवाळ विकत, वाळू विकत, दगडसुद्धा विकत. पाणी नळाचं असलं तरी त्यातलं मीठ विकत. शेवाळ तेवढं आपल्या पायांनी येतं. त्याचं पार्सल येत नाही, त्याच्या पिशवीत ऑक्सिजन भरावा लागत नाही, त्याला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून तासभर बादलीत ताटकळत ठेवावं लागत नाही. आणि एवढ्या सगळ्या खर्चीक मंडळींत न रुसता, न मरता नांदणारं तेच एक. माझं तर स्पष्ट मत आहे, की लोक ज्याला रीफ टँक म्हणतात ती मुळात शेवाळाची शेती असते. मासे आणि प्रवाळ हे पाहुण्यांना दाखवायला.

हे मत मी दादासमोर मांडलं, तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत टँकमध्ये होता आणि हातात टूथब्रश होता. त्यामुळे त्याला धड उत्तर देता आलं नाही.

दादा बँकेतून निवृत्त झाला आणि वहिनींबरोबर मालवणला गेला. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खरोखरीचं प्रवाळ आहे. दादाने तोंडात नळी धरून ते पाहिलं आणि परत येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. वहिनींना वाटलं, गाडी लागली असेल. महिनाभरात घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे पूर्वी शोकेस होतं तिथे, २०० लिटरची काचेची पेटी आली. तिच्यावर निळा दिवा, खाली कपाटात पंप, फेस काढणारं एक यंत्र आणि पाणी गार ठेवणारा चिलर. वहिनींचं म्हणणं, "मला सत्तावीस वर्षं एसी मागावा लागला. माशांनी तोंड उघडलं न उघडलं तोच लागला."

एक सांगायला हवं. टणक सांगाड्याचं, बेटं बांधणारं प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दादाने आयुष्यभर लोकांच्या कर्जाची कागदपत्रं तपासलेली. त्याने पहिल्याच दिवशी दुकानदाराला कायदा वाचून दाखवला. तेव्हा त्याच्या टँकमध्ये दगड सिरॅमिकचे आहेत आणि प्रवाळ म्हणजे मशरूम आणि झोआ या मऊ अंगाच्या जाती. दोन क्लाऊन मासे आहेत, त्यांना येणारं प्रत्येक मूल 'निमो' म्हणून हाक मारतं. दादा दर वेळी शास्त्रीय नाव सांगून ती चूक दुरुस्त करतो आणि मुलं दर वेळी पुन्हा निमोच म्हणतात.

पहिले काही आठवडे टँक इतका स्वच्छ होता, की सोसायटीतले लोक बघायला येत. मग वाळूवर तपकिरी भुकटी दिसायला लागली. वहिनी म्हणाल्या, "गंज चढला." दादा म्हणाला, हे डायटम. या एकपेशीय जिवांचं कवच चक्क काचेच्या जातीचं असतं, नव्या टँकमधली सिलिका संपली की ते आपोआप जातात. ते गेले. घरात समाधान पसरलं. त्या समाधानाच्या जोरावर हिरवे केस आले.

हिरवे केस म्हणजे दगडांवर उगवणारं तंतूसारखं शेवाळ. बोटाने ओढलं तर निघतं, पण मुळाशी थोडं राहतं आणि तेवढं त्याला पुरतं. पाण्याच्या झोताबरोबर ते इतकं झोकात डुलतं, की नवख्या पाहुण्याला टँकमधली सर्वांत देखणी गोष्ट तीच वाटते. "काय सुंदर गवत लावलंय हो!" असं एक काकू म्हणाल्या. त्यानंतर काकूंना पोहे मिळाले, पण चहा मिळाला नाही.

त्यापाठोपाठ हिरव्या गोट्या आल्या. व्हॅलोनिया नावाचं हे शेवाळ दिसायला काचेच्या मण्यासारखं, आणि अख्खा मणी म्हणजे एकच पेशी. शाळेत सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हती म्हणून आपण मार्क घालवले ती पेशी इथे नुसत्या डोळ्यांनी, मिरीच्या दाण्यापासून गोटीएवढी. शौकीन मंडळींत असं मानतात, की ही पाण्यात फोडू नये, फुटली की बीजं पसरतात. ही सूचना घरातल्या प्रत्येकाला दिली गेली आणि त्या क्षणापासून प्रत्येकाला ती फोडावीशी वाटायला लागली. नातू तर काचेला नाक लावून, बोट हवेत धरून तासन् तास उभा राहतो.

वहिनींचा उपाय सोपा होता. "दगड बाहेर काढा, मोठ्या पातेल्यात उकळा, घासा, परत ठेवा." हे ऐकून दादा पांढराफटक पडला. झोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते जगातल्या अतिजहाल नैसर्गिक विषांपैकी आहे. असे दगड स्वयंपाकघरात उकळून, त्या वाफेने अख्खं कुटुंब इस्पितळात दाखल झाल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. दादाने हे सविस्तर सांगितलं. वहिनी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस हे विष माझ्या हॉलमध्ये आहे, आणि मला आज कळतंय." शेवाळाचा प्रश्न बाजूला राहिला. त्या दिवशीचा स्वयंपाक दादाने केला.

मग सफाई कामगार आले. या धंद्यात शेवाळ खाणाऱ्या प्राण्यांची एक फौज मिळते आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराकडे प्रत्येकाची शिफारस तयार असते. टर्बो गोगलगायी आल्या. त्या खरोखर खातात, यात वाद नाही. पण त्या अंगाने आडदांड, वाटेत येईल ते ढकलत जातात. प्रवाळ चिकटवून ठेवलं की सकाळी तळाशी पडलेलं. शिवाय पाठीवर उलट्या पडल्या की काहींना सरळ होता येत नाही. रात्री दोन वाजता दादा उठतो, टॉर्च मारतो, उलटलेली गोगलगाय सुलटी करतो आणि पुन्हा झोपतो. आमची आई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती, तेव्हा रात्री वहिनी उठायच्या. हा संदर्भ वहिनी आठवड्यातून एकदा देतात.

गोगलगायींच्या सोबतीला हर्मिट खेकडे आले. हेही शेवाळ खातात म्हणे. पण यांना स्वतःचं घर नसतं, दुसऱ्याच्या शंखात राहतात, आणि अंगाने वाढले की मोठं घर लागतं. मोठं घर गोगलगाईच्या पाठीवर असतं. पुढचं सांगायला नको. पुनर्विकासाचे अनेक प्रकार मी ठाण्यात पाहिले, पण मूळ भाडेकरूला खाऊन टाकून ताबा घेतलेला इथेच पाहिला. मग अर्चिन आला. काटेरी चेंडूसारखा हा प्राणी शेवाळ खातोच, पण त्याला अंगावर काही ना काही वाहून नेण्याची हौस आहे. रिकामे शिंपले, सुटलेला झोआचा तुकडा, एकदा तर थर्मामीटर. नटूनथटून तो काचेवरून फिरत असतो आणि दादा त्याच्यामागे तापमान शोधत असतो.

सर्वांत बनेल निघाला ब्लेनी. बोटभर लांब, डोळे वर, चेहऱ्यावर कायम तक्रार. दगडावरचं शेवाळ खरडून खाण्यासाठी प्रसिद्ध. पहिला आठवडा त्याने मन लावून काम केलं. मग त्याला गोळ्यांच्या खाण्याची चव कळली. त्यानंतर तो घरजावयासारखा राहू लागला. जेवणाच्या वेळी पुढे, एरवी एका दगडावर बसून इतरांचं काम बघत.

ही सगळी फौज माणसाने उगाच शोधलेली नाही. समुद्रातही हीच व्यवस्था चालते आणि ती मोडली की काय होतं हे कॅरिबियन समुद्राने पाहिलंय. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ डायाडेमा नावाचे लांब काट्यांचे अर्चिन मरायला लागले. साधारण वर्षभरात ती साथ अख्ख्या कॅरिबियनमध्ये पसरली आणि नव्वद टक्क्यांहून जास्त अर्चिन संपले. शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच खाल्ले होते. जमैकाच्या उथळ समुद्रात १९७० च्या दशकात तळाचा जवळजवळ निम्मा भाग प्रवाळाने झाकलेला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्केही उरला नाही. जिथे तिथे शेवाळ. वादळांचाही त्यात हात होता. पण हे वाचल्यापासून दादा त्या नटव्या अर्चिनशी फार अदबीने वागतो. थर्मामीटरसुद्धा हळूच सोडवून घेतो.

आता या प्रकरणातली खरी गंमत. ज्या प्रवाळासाठी हा सगळा खटाटोप, ते प्रवाळ स्वतः शेवाळावरच जगतं. त्याच्या अंगात, एका चौरस सेंटिमीटरला दहा लाखांच्या घरात, सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतात. ते उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. प्रवाळाच्या गरजेचा मोठा हिस्सा त्यातूनच भागतो. ते शैवाल निघून गेलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी मरायला लागतं. तेव्हा दादाचा तो महागडा निळा दिवा मुळात शेवाळासाठीच आहे. अट एवढीच, की शेवाळाने प्रवाळाच्या आत राहावं. बाहेर दिसलं की टूथब्रश.

बरं, शेवाळाला हटवण्याचा सर्वांत प्रतिष्ठित उपाय कोणता? शेवाळ वाढवणं. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून, ते खरडून फेकून, पाणी स्वच्छ ठेवायची पद्धत उभी केली. त्यावर तिथे अख्खा प्रवाळ-टँक चालवून दाखवला. दादाने कपाटातल्या खालच्या टाकीत चीटो नावाचं शेवाळ सोडलं. ते दिसायला भांडी घासायच्या हिरव्या जाळीसारखं. रात्री वरचा दिवा विझला की त्याचा गुलाबी दिवा लागतो. ते पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट खातं, म्हणजे वरच्याला मिळत नाही, असा हिशेब. वहिनींनी एकदा विचारलं, "वरचं हिरवं फेकायचं आणि खालचं हिरवं जपायचं, हे कामाच्या मावशींना कसं समजावू?" ते समजावायच्या आतच मावशींनी कपाट साफ केलं होतं.

दादा त्यातल्या त्यात शहाणा, चीटोवर थांबला. याच कामासाठी पूर्वी कॉलेर्पा नावाचं पिसासारखं देखणं शेवाळ टँकमध्ये ठेवत. दिसायला सुबक, थंडीतही न मरणारं. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाच्या अगदी खाली, भूमध्य समुद्रात, त्याचा चटईएवढा तुकडा दिसला. पुढे त्याने हजारो हेक्टर तळ व्यापला. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यावर ताडपत्र्या घातल्या, आत क्लोरीन सोडलं, आणि २००६ मध्ये गेलं एकदाचं असं जाहीर केलं. सहा वर्षं आणि लाखो डॉलर. टूथब्रशने झालं नसतं, हे मी दादाला आवर्जून सांगितलं.

आमच्याकडे मात्र फॉस्फेट उतरेना. तपासणीच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, भुकटी घालायची, हलवायचं आणि जो रंग येईल तो तक्त्याशी जुळवायचा. नायट्रेटच्या तक्त्यावर गुलाबीच्या सात छटा आणि दादाला त्यांतल्या फक्त दोन कळतात, फिकट आणि गडद. शेवटी वहिनींना बोलवावं लागतं. त्या नळी खिडकीशी नेऊन क्षणात सांगतात, "हा राणी नाही, अबोलीकडे झुकतोय. मधला लिहा." बँकेत चेकवरची सही ओळखणारा माणूस असतो, तशी इथे वहिनींची सही लागते. फॉस्फेटचा तक्ता निळा. तिथेही त्यांनीच निकाल दिला, "मोरपंखी. वाईट आहे."

मग चौकशी बसली. आधी संशय पाण्यावर. पाणी आरओमधून, मग आणखी एका गाळणीतून येतं, मीटरवर शून्य दिसतं. (एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर बाहेर पडतं. ते बादल्यांत साठवलं जातं आणि त्या घराची लादी दिवसातून तीनदा पुसली जाते.) मग मिठावर. लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे पेटीला सात किलो. दोन कंपन्या बदलून झाल्या. मग फॉस्फेट शोषणारे तपकिरी दाणे आणले. डबीवर मोठं नाव होतं, आत लोहाचं ऑक्साइड. वहिनींनी चष्मा लावून वाचलं. "म्हणजे गंजच ना हा? तो गॅलरीच्या ग्रिलवर पाहिजे तेवढा आहे." दादाने किंमत सांगितली नव्हती, ते बरं केलं.

उलगडा झाला तो भलत्याच वाटेने. गोगलगायी कोण मारतं हे पकडायला दादाने टँकसमोर छोटा कॅमेरा लावला. खुनी खेकडा सापडलाच, पण त्याबरोबर दिवसभराचं चित्रणही झालं. सकाळी साडेसातला दादा चिमूटभर खाणं घालतो, ते अधिकृत. आठला देवपूजा आटोपून वहिनी येतात. क्लाऊन काचेशी येऊन नाचतात, वहिनी चिमूट घालतात. अकराला मावशी लादी पुसता पुसता थांबतात, इकडेतिकडे बघतात, चिमूट घालतात. चारला नातू, त्याची चिमूट म्हणजे मूठ. सहाला पुतण्या ऑफिसातून येऊन डबी उघडतो. रविवारी तर कोलंबीचा तुकडा बारीक करून, तोही वहिनींच्याच हातचा. श्रावणातही यात खंड पडला नव्हता. महिनाभर त्या घरात मासे सोडून कोणीच मासे खाल्ले नव्हते.

हे सगळं मोठ्या पडद्यावर लावून दाखवण्यात आलं. कोणी खजील झालं नाही. वहिनी म्हणाल्या, "दारात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हे तुमच्याच आईने शिकवलं."

डबीला कुलूप लागलं. तरी आहे ते शेवाळ जाईना, म्हणून दादाने औषधाचा मार्ग धरला. हिरव्या केसांवर फ्लुकोनाझोल चालतं, तेच, माणसांना गजकर्णावर देतात ते. लिटरला साधारण पाच मिलिग्रॅम, म्हणजे दीडशेच्या सात गोळ्या. दादा औषधाच्या दुकानात गेला, मीही बरोबर होतो.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही."

"कोणाला झालंय?"

दादा खोटं बोलत नाही. "दगडाला."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"कधीपासून आहे?"

"पावसाळ्यापासून. आधी घासत होतो."

"बघा साहेब," दुकानदार आवाज खाली करून म्हणाला, "लोक मित्राला झालंय, भावाला झालंय असं सांगतात. लाजू नका. पण डॉक्टरांना एकदा दाखवा." शेवटी पुतण्याच्या एका डॉक्टर मित्राला घरी बोलावून, टँक दाखवून, जेवायला घालून चिठ्ठी मिळवावी लागली. रुग्णाच्या नावाच्या जागी काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

गोळ्या लागू पडल्या. दोन-तीन आठवड्यांत केस पांढरे पडून गळाले. पण मेलेलं शेवाळ कुठे जातं? पाण्यातच कुजतं, खाल्लेलं सगळं परत करतं, आणि त्यावर मरून रंगाची बुरशीसारखी चादर येते. ही सायनोबॅक्टेरिया. ती खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणूंची जात. पृथ्वीवरच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन भरला तो हिच्या पूर्वजांनी, सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. दादाने हे इतक्या आदराने सांगितलं, की वहिनींना वाटलं आता हिला ठेवून घेणार. पण त्याने तीन दिवसांसाठी दिवे बंद केले आणि टँकवर जुनी चादर टाकली. शेजारचे काका आले, चादर पाहून दारातच चप्पल काढत हळूच म्हणाले, "कधी झालं?"

चादर निघाली आणि टँक झळझळीत. दादाने मग कसलीच कसर ठेवली नाही. पाणी बदल, गंजाचे दाणे, चीटो, कुलूप, सगळं एकदम. नळीत थेंब टाकले तर रंगच येईना. वहिनींना बोलावलं. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "पांढरी. विधवेचं पातळ." नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. दादाने पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत वाळूवर तपकिरी, चिकट, शेंबडासारखे दोरे आले, दोऱ्यांत हवेचे बुडबुडे. गोगलगायी पटापट मरू लागल्या. हे डायनो. प्रवाळाच्या आत जे सज्जन भाडेकरू राहतात, त्यांच्याच कुळातले, पण बाहेर उंडारणारे. काही जाती विषारीही. आणि ते बहुतेकदा तेव्हाच माजतात जेव्हा पाण्यात काहीच उरत नाही. इतर शेवाळं उपासाने मरतात, रान मोकळं होतं. उपाय काय, तर पाणी पुन्हा थोडं घाण करायचं. नायट्रेट आणि फॉस्फेट बाहेरून घालायचं, मोजून, रोज.

त्याच्या बाटल्या मिळतात. दोन, वेगवेगळ्या. दादा क्रॉफर्ड मार्केटहून त्या घेऊन आला, टेबलावर मांडल्या, आणि रोज किती थेंब घालायचे ते वहीत लिहू लागला. वहिनींनी एक बाटली उचलली, चष्मा लावला, वरचा मजकूर वाचला, मग मागची किंमत वाचली. दुसरी उचलली, तिचीही वाचली. दोन्हींची बेरीज मनात झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी हेच घालत होते ना? ते फुकट होतं."

दादाने वही मिटली आणि कुलपाची किल्ली शोधायला लागला.